अहिवाऱ्याच्या रस्त्यावरचा बर्फ

पत्रकाची पहिली ओळ मागणीची असते, हे मी हथखोजमध्ये शिकले. म्हणून मागणी आधी लिहिते. अहिवाऱ्याकडून येणाऱ्या चुनखडीच्या ट्रकांवर ताडपत्री बांधा, आणि रस्त्यावर सांडलेले दगड उचला. दुसऱ्या ओळीत मागणी कुणाकडे आहे ते लिहायचं असतं. ते मला अजून नीट कळलेलं नाही, कारण ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तिसऱ्या ओळीत मुदत. ती केव्हाच संपली.

आता तुम्ही म्हणाल, संपादकांनी हिला इंग्रजीच्या मास्तरकीवर लिहायला सांगितलं, आणि ही ट्रक घेऊन कुठे निघाली. मीही सुरुवातीला असंच म्हणाले असते. अकरावीच्या इंग्रजीच्या वर्गाचा आणि चुनखडीच्या ट्रकाचा संबंध लागायला मला एक पूर्ण शैक्षणिक वर्ष लागलं. तुम्हाला अर्ध्या तासात लागेल.

आधी माझी ओळख. वडील भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये क्लार्क होते, आम्ही तिथेच रुआबांध्याला राहतो. कॉलेजात असताना हथखोजच्या छोट्या कारखान्यांतल्या ठेक्यावरच्या कामगारांसाठी मी पत्रकं लिहायचे. हातमोजे द्या, पिण्याचं पाणी द्या, बाईमाणसाला संडास द्या. चार वर्षं फाटकाबाहेर उभी राहून पत्रकं वाटली. मग बाबा म्हणाले, "आता जगाले पाणी देऊन झालं असंन तर स्वतःच्या पोटाचं पाह्य." म्हणून बी.एड. केलं आणि एका खाजगी इंग्रजी शाळेत लागले. शाळेचं नाव लिहीत नाही. संपादकांनी हात जोडले आहेत. नोकरी अजून आहे. हा अंक निघाल्यावर असेल का, ते बघू.

बाहेरच्यांना वाटतं इंग्रजीची मास्तरीण व्याकरण शिकवते. व्याकरण मुलांना येतं. आमच्याकडचा अकरावीतला कुठलाही मुलगा झोपेतून उठवला तरी वाक्याचा प्रयोग बदलून देईल. त्याला फक्त "आज डब्यात कुठली भाजी आहे" हे इंग्रजीत विचारू नका. तो उभा राहतो. पंख्याकडे बघतो. शेजाऱ्याच्या पायावर पाय ठेवतो. शेजारी वहीकडे बघतो. सगळा वर्ग त्याच्याबरोबर श्वास धरून बसतो. माझं काम म्हणजे तो श्वास सोडवणं. बाकीचं पुस्तकात आहे, त्याला मी लागत नाही.

म्हणून माझ्या वर्गाचा नियम पहिल्या दिवसापासून एकच होता, आणि तो मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे: चुका, पण गप्प बसू नका. अडलं तर मधला शब्द हिंदीत घाला, छत्तीसगढीत घाला, हातवारे करा, पण वाक्य शेवटपर्यंत न्या. यावर तीन वर्षं वर्ग बरा चालला होता. मग जूनमध्ये पॉलिसी आली.

पॉलिसी आणली तिवारी सरांनी. तिवारी सर आमचे कोऑर्डिनेटर. माणूस वाईट नाही. रोज घंटेच्या आधी फाटकाशी उभे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात उशिराचं रजिस्टर. मॅनेजमेंटने त्यांना सांगितलं होतं की हायस्कूलच्या इंग्रजीसाठी 'इंटरनॅशनल लेव्हल'ची नियमावली पाहिजे, पालक विचारतात. सरांनी ती इंटरनेटवरून उतरवली. कुठल्याशा अमेरिकन शाळेची होती. त्यांनी वरचं नाव बदललं, आमचं बोधचिन्ह चिकटवलं, चार पानं छापून घेतली. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर ती चिकटवायची, आणि खाली पालकाची सही.

ती चार पानं मी स्टाफरूममध्ये वाचली. प्रत्येक विद्यार्थ्याने तीन कड्यांचा बाइंडर आणावा. वर्गाबाहेर जाताना हॉल पास घ्यावा. कॅफेटेरियातला ट्रे वर्गात आणू नये. आमची कॅन्टीन म्हणजे समोशाची एक खिडकी. स्वतःची मोटार आणणाऱ्याने पार्किंगचा परवाना काचेला लावावा. उशिरा येणाऱ्यासाठी 'टार्डी' असा शब्द होता, तो मुलांना इतका आवडला की आठवड्याभरात "मॅम, मेरे को टार्डी हो गया" असं पोट धरून सांगायला लागली. आणि तिसऱ्या पानावर बर्फ. बर्फ, हिम किंवा रस्त्यावरचा इतर धोका यामुळे बस उशिरा पोचली तर उशीर धरला जाणार नाही. धोका होता की नाही हे विषयशिक्षक ठरवतील.

भिलाईत. जिथे मे महिन्यात नळाचं पाणी अंगावर घ्यायच्या आधी बादलीत निववावं लागतं.

मी पानं घेऊन सरांकडे गेले. (इथली सगळी बोलणी हिंदीत झाली. मी मराठीत लिहिते आहे. जिथे मराठीत मरतील तिथे हिंदीच ठेवते.)

"सर, हे तुम्ही वाचलंत?"

"फॉरमॅट बघितला."

"यात बर्फ आहे."

"असू दे. काय बिघडतंय? पडला तर कामाला येईल."

"आणि तीन कड्यांचा बाइंडर? तो मिळतो कुठे?"

सरांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले की असं करतात. "मैडम, पॉलिसी समझने की चीज़ नहीं है, लागू करने की चीज़ है।"

चार पानांत त्यांची स्वतःची भर एकच होती. मूळ कागदात म्हणे असं होतं की फार वेळा उशीर झाला तर विद्यार्थ्याचा विषय काढून घ्यावा. आपल्याकडे इंग्रजी काढून घेता येत नाही, ते सक्तीचं. मग सरांनी तिथे लिहिलं: पाचपेक्षा जास्त वेळा उशीर झाल्यास तोंडी परीक्षेला बसता येणार नाही. तोंडी परीक्षेचे गुण शाळेच्या हातातले असतात. ते गेले की लेखी कितीही चांगली द्या, काठावरचं पोरगं इंग्रजीत पडतं, आणि इंग्रजीत पडलं की बारावी नाही. हे सरांना माहीत होतं. म्हणूनच लिहिलं. धाक पाहिजे ना.

पॉलिसी लागू झाली. बाइंडर पॉवर हाऊसच्या बाजारापासून सिव्हिक सेंटरपर्यंत कुठल्याच दुकानात नव्हता, म्हणून पोरांनी साध्या फाइलीला भोकं पाडून तिसरी कडी पडद्याची लावली. हॉल पास म्हणून शाळेच्या सुताराने लाकडी फळी करून दिली. हरवू नये म्हणून ती क्रिकेटच्या बॅटएवढी केली. बाथरूमला जाणारी मुलगी ती खांद्यावर घेऊन व्हरांड्यातून जाताना बघून खालच्या वर्गातली पोरं "कितने रन?" म्हणून ओरडायची. काही मुलींनी दिवसभर पाणी प्यायचं बंद केलं. तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी पत्रक लिहिलं.

पत्रक चांगलं होतं. आजही म्हणते. मागणी: ही नियमावली रद्द करा. कुणाकडे: शाळेकडे. कधी: येत्या पालकसभेत. आणि वर ठळक अक्षरात बर्फाचं कलम, कारण हसल्याशिवाय माणूस पुढे वाचत नाही, हेही हथखोजमध्येच शिकले होते. पालकसभेच्या दिवशी जिन्यात उभी राहून मी ते प्रत्येकाच्या हातात दिलं.

पालकसभेचे अध्यक्ष देशकर काका. प्लांटमधले अधिकारी, मूळचे वर्ध्याचे, मुलगा माझ्याच वर्गात. काका हा अंक वाचतीलच. वाचा, काका.

काकांनी पत्रक चष्म्याखाली धरून पूर्ण वाचलं, बर्फावर मनापासून हसले आणि मला बाजूला बोलावलं.

"बेटा, तू लिहितं मस्त. पण मले एक सांग. पासात वाईट काय हाय? मी जन्मभर पास दाखवून आत जाऊन राहिलो. पास नसला तं गेटवरचा जवान सख्ख्या भावाले सोडत नाही. म्हणून तं आमी धडधाकट घरी येतो."

"काका, तिथे वितळलेलं लोखंड असतं. इथे पोरगी बाथरूमला जाते."

"सवय लागते न. शिस्त ते शिस्त."

"आणि तीन कड्या?"

"फाइल नीट राह्यते त्यानं. आमच्या डिपार्टमेंटले पण पाह्यजे होत्या." मग पत्रकाची घडी करून खिशात ठेवली. "तू कावून इतकी चिडून राहिली, तेच समजत नाही. इतक्या फीसमध्ये पोरायले फक्त चुका करायले शिकवशील का?"

हा मला बसलेला पहिला झटका. हथखोजमध्ये ज्यांना पत्रक दिलं ते माझ्या बाजूचे होते. इथे ज्यांच्या पोरांसाठी भांडायचं, त्यांनाच नियम पाहिजे होते. या गावात घरटी एक माणूस भोंग्यावर उठतो, पास दाखवून आत जातो आणि हेल्मेट नसेल तर मेमो घेतो. नियम म्हणजे जीव वाचवणारी वस्तू, असं त्यांच्या हाडात आहे. खोटंही नाही ते. फक्त नियम कुणी कुठून कशासाठी उचलला, हे विचारायची सवय नाही. सभेत एकेक जण उठून म्हणाला, पॉलिसी छान आहे, फक्त ते बर्फाचं तेवढं काढा, चार लोकांत हसं होतं. ठराव झाला. टाळ्या वाजल्या. तिवारी सरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे बघा, तुमचंही ऐकलं.

माझ्या पत्रकाचा विजय असा झाला. चार पानांतलं एक कलम उडणार होतं, बाकीची पानं सगळ्यांच्या सह्यांनी पक्की झाली होती.

त्याच सुमाराला दामिनीचा पाचवा उशीर लागला. आणखी एक लागला की तोंडी परीक्षा गेली.

दामिनी साहू अहिवाऱ्याहून यायची. वडील खाणीकडे डंपर चालवतात. दहावीपर्यंत तिकडच्या शाळेत होती, अकरावीला इथे आली. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि पहिले काही महिने तिचा आवाज मी ऐकला नव्हता. इंग्रजीचा तास रोज पहिला, कारण तिवारी सरांच्या मते इंग्रजी ताज्या डोक्याने शिकावं. त्यामुळे सकाळचा जो काही उशीर होईल तो सगळा इंग्रजीच्या नावावर.

मी तिला विचारलं, लवकरची बस का घेत नाहीस.

"मॅम, मैं पहली बस से ही आती हूँ।"

त्याच्या आधी बस नाही. आणि ती पहिली बस चुनखडीच्या ट्रकांच्या मागे अडकली, की तिचं काही खरं नाही.

मी तिवारी सरांकडे गेले. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मी म्हटलं, सारखा कसा? मागच्याच आठवड्यात रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून टाउनशिपची आपली स्कूलबस पहिला तास संपता संपता पोचली, त्यातल्या एकाचंही नाव रजिस्टरात नाही.

"स्कूल बस लेट मतलब स्कूल लेट," सर शांतपणे म्हणाले. "बच्चा लेट नहीं।"

"आणि दामिनीची बस लेट म्हणजे?"

"वो तो प्राइवेट बस है, मैडम।"

मी बाहेर आले आणि स्टाफरूमच्या माठातलं दोन ग्लास पाणी प्यायले. देशकर काकांचा मुलगा त्या स्कूलबसमध्ये असतो. त्याला फाटक बंद असण्याची माफी आहे. दामिनीला फाटकही नाही, माफीही नाही.

दामिनीच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं: एक वर्ष जरी गेलं, तर घरी. ते काही राक्षस नव्हेत. या शाळेसाठी त्यांनी जे ओढलं ते एकदाच ओढता येतं. तिच्या आणि बारावीच्या मध्ये आता फक्त तोंडी परीक्षा होती, आणि तिच्या आणि तोंडी परीक्षेच्या मध्ये तो रस्ता.

त्याच आठवड्यात मी वर्गाला एक काम दिलं होतं, थोडं खुन्नसने. ही जी चार पानं तुम्ही वहीला चिकटवली आहेत ती वाचा, आणि ज्याला काही अर्थ नाही असा एक नियम शोधून त्यावर इंग्रजीत बोला. म्हटलं, निदान वाचन तरी होईल. अख्खा वर्ग बर्फावर बोलला. अगदी हौसेने बोलला, हे कबूल करते. देशकरांच्या पोराने तर भिलाईत बर्फ पडला तर ब्लास्ट फर्नेसजवळ सगळे अंथरुणं घेऊन जातील असं सांगून वर्ग डोक्यावर घेतला. मी खूश होते. श्वास सुटत होता.

दामिनीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली, पंख्याकडे बघितलं आणि बसली. तास संपल्यावर टेबलाशी आली.

"मॅम, वो बर्फ वाला मत हटवाइए।"

मला वाटलं तिला काम समजलं नाही. तिने वही उघडली. तिसऱ्या पानावर प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने हिंदी अर्थ लिहिले होते. शाळेतल्या शिक्षकांसकट एवढ्या माणसांत ती चार पानं शब्दकोश घेऊन वाचणारी ही एकटी. बाकीचे 'बर्फ' या शब्दाशी थांबून हसत सुटले होते, आणि त्यात पहिली मी. तिने 'रस्त्यावरचा इतर धोका' यावर बोट ठेवलं.

"बर्फ नहीं है मॅम, रोड तो है। और आगे लिखा है, टीचर तय करेंगे।" तिने वही माझ्याकडे फिरवली. "टीचर तो आप हैं।"

मी खुर्चीत बसले. जे कलम काढायला मी पत्रक छापलं, जिन्यात उभी राहिले, टाळ्या घेतल्या, ते आता वाचवायचं होतं.

तिवारी सरांना हे ऐकून खरंच आनंद झाला. एवढे दिवस मी त्यांना छळलं होतं, आज त्यांचा दिवस होता.

"पर्चा आपने बाँटा। हटवाया आपने। अब आप ही रुकवाएँगी?"

"नवी पॉलिसी छापून आली का, सर?"

"प्रेसवाला लग्नपत्रिकांत अडकलाय. पुढच्या आठवड्यात देईल."

"म्हणजे तोवर जुनी लागू."

सरांनी चष्मा काढून पुसला. "लागू," ते म्हणाले. नियमाच्या बाबतीत माणूस पक्का. "पण मॅडम, रस्त्यावर धोका होता, हे तुम्ही रुआबांध्याला घरी बसून ठरवणार का?"

हा प्रश्न बरोबर होता. चिडून काय करणार, बरोबरच होता.

पुढचे काही दिवस दामिनी कशी वेळेवर पोचली ते तिचं तिला माहीत. तोंडी परीक्षा छापखान्याच्या आधी आली, हे माझं नशीब. आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, आज आमच्याकडेच राहा. घरी आईला फोन केला तर ती म्हणाली, "राहू दे न, एक पोळी जास्त." पण दामिनीचे वडील नाही म्हणाले. परक्या घरी मुलगी राहत नाही. तेव्हा मी ठरवलं की मीच अहिवाऱ्याला जाते आणि तिच्याच बसने येते.

पहाटे बाबांनी स्कूटर काढली. "दुसऱ्याच्या पोरीसाठी कावून जीव काढून राहिली? ठरवायचं तं तुलेच हाय. देऊन टाक लिहून घरीच."

"न बघता लिहून दिलं तर तुम्हीच म्हणाल, पोरगी खोटी सही करते."

बाबा जन्मभर क्लार्क होते. त्यांनी सीट फडक्याने पुसली आणि म्हणाले, "बस. आणि स्वेटर घाल. बर्फ हाय म्हणतात तिकडं."

अहिवाऱ्याच्या स्टँडवर मी बसमध्ये चढले तेव्हा दामिनी खिडकीशी बसली होती. डोक्यापासून गळ्यापर्यंत ओढणी, फक्त डोळे दिसत होते. ओढणीच्या आत ओठ हलत होते. तिने परीक्षेसाठी 'माझा आवडता सण' असा विषय पाठ केला होता, गावाबाहेर निघेपर्यंत तोच चालू होता. मला बघून ती दचकली नाही. बाजूला सरकली आणि बॅगेतून दुसरी ओढणी काढून दिली. "बाँध लीजिए, मॅम।" मला वाटलं थंडीसाठी. मी नुसती खांद्यावर टाकली.

गाव सुटलं आणि मला कळलं. पुढे ट्रकांची रांग. कुणावर ताडपत्री नाही, असली तर एका कोपऱ्यात गुंडाळलेली. प्रत्येक खड्ड्यात ट्रक आदळला की वरून चुन्याची पांढरी भुकटी उठायची आणि बसच्या फुटक्या खिडक्यांतून आत यायची. रस्त्याकडेची बाभळीची झाडं पांढरी, टपऱ्यांची छपरं पांढरी, रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. सूर्य वर आलेला असताना ड्रायव्हरने दिवे लावले होते. मी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. पण पॉलिसी लिहिणाऱ्या त्या परदेशी मास्तराच्या डोळ्यांसमोर जे होतं, ते याहून फार वेगळं नसावं.

मग बस थांबली. पुढच्या ट्रकाने वळणावर निम्मा माल सांडला होता. डोक्याएवढाले दगड. कंडक्टर उतरला, पाठोपाठ पुरुष उतरले, आणि कुणी कुणाला न सांगता दगड कडेला करायला लागले. रोजचं काम असल्यासारखं. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, "आज तो जल्दी हो जाएगा। परसों तो मोटरसाइकिल वाला गिर गया था।"

दामिनीने घड्याळ बघितलं नाही. मी बघत होते, सारखी. ती पुन्हा ओठ हलवत होती, आता जोरात, आणि मध्येच अडत होती. 'आवडता सण'मधला एक परिच्छेद तिला सापडत नव्हता.

"राहू दे तो सण," मी म्हटलं. "अडलं तर हिंदी घाल, पण गप्प बसू नकोस."

तिने मान हलवली. तिच्या पापण्यांवर पांढरं साचलं होतं.

आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पहिली घंटा होऊन बराच वेळ झाला होता. तिवारी सर जागेवरच होते. त्यांनी आधी दामिनीला बघितलं आणि पेन उघडलं. मग मागे मला बघितलं. ओढणी न बांधल्याचा परिणाम आरशात नंतर दिसला. केस, भुवया, साडीचा पुढचा सगळा भाग, आजीबाईसारखी झाले होते.

"मैडम, ये क्या हाल है?"

"बर्फ, सर."

त्यांना हसू आलं नाही. मलाही नाही. मी तिसरं पान त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "विषयशिक्षक म्हणून मी ठरवलं आहे. धोका होता. बघून आले."

त्यांनी माझे केस बघितले, ते पान वाचलं. मग रजिस्टर उघडलं. दामिनीच्या नावापुढे, उशिराच्या रकान्यात काही न भरता, कारणाच्या रकान्यात त्यांनी सुंदर अक्षरात इंग्रजीत लिहिलं: स्नो. खाली माझं नाव लिहिलं आणि तिथेही तेच लिहिलं. शिक्षकांनाही नियम सारखा.

तोंडी परीक्षेला दुसऱ्या शाळेतून एक बाई आल्या होत्या. दामिनी समोर बसली तेव्हा तिने तोंड धुतलं होतं, केस राहून गेले होते. बाईंनी विषय विचारायच्या आधीच विचारलं, केसांना काय लागलंय. दामिनीने पंख्याकडे बघितलं. मी श्वास धरला. आणि मग ती रस्त्यावर बोलायला लागली. काळ चुकले, वचनं चुकली, ताडपत्रीला इंग्रजी शब्द सापडला नाही तेव्हा तिने सरळ 'तिरपाल' म्हटलं आणि हाताने पसरून दाखवलं, दगड उचलून दाखवला, मोटारसायकलवाला पाडून दाखवला. बाईंनी दोनदा वेळ संपल्याची खूण केली. ती थांबली नाही. सण राहूनच गेला.

ती पास झाली. बारावीत आहे.

म्हणजे मी जिंकले, असं संपादकांना वाटतं. त्यांनी हेच लिहायला सांगितलं होतं, काहीतरी प्रेरणादायी. मग हेही छापा. नवीन सत्रात पॉलिसीची नवी प्रत आली. कड्या तीनच आहेत. फळी बॅटएवढीच आहे, फक्त आता तिला पॉलिश आहे. स्कूलबसची माफी लेखी झाली आहे, देशकर काकांच्या सूचनेवरून. आणि बर्फाचं कलम जसंच्या तसं आहे. मी तिवारी सरांना विचारलं, ते काढायचा ठराव झाला होता ना? त्यांनी चष्मा पुसला नाही. "कैसे हटाएँ, मैडम? अब तो रिकॉर्ड में है। गिर चुकी है।"

मी जी चार पानं फाडायला निघाले होते, त्यांच्यातल्या सर्वांत बिनडोक ओळीची आता मी राखणदार आहे. यंदा जूनमध्ये ती आहे ना, हे आधी तपासलं, आणि आता दरवर्षी तपासणार. रस्त्यासाठी मी दोन पत्रकं काढली. एक खाणीच्या फाटकाशी वाटलं, एक सरकारी कचेरीत. खाणवाले म्हणाले ट्रक ठेकेदाराचे. ठेकेदार म्हणाला रस्ता सरकारचा. सरकारी बाबू म्हणाले धूळ खाणीची. पाळी कुणाची, यावर तिघांचं एकमत आहे: दुसऱ्याची. बाबा म्हणतात, "आता रस्त्यालेही तोंडी परीक्षा दे म्हणा."

परवा मी फाटकाशी होते. दुसरी घंटा झाली आणि दामिनी धावत आली. ओढणी, डोळे, पापण्या, सगळं तसंच. तिवारी सरांनी रजिस्टर उघडलं आणि वर न बघताच विचारलं,

"बर्फ?"

"हाँ सर," ती ओढणी झटकत म्हणाली. "आज ज़्यादा गिरी।"